नाव न घेता

सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत प्रभाताई हेडक्लार्क आहेत. येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. चौतीस वर्षांत एका दाखल्यावरही चुकीची जन्मतारीख पडू दिली नाही असं त्या सांगतात, आणि ते खरं आहे. पण त्यांना ओळखतात ते दाखल्यांमुळे नव्हे. शाळेत, गल्लीत, माहेरी, सासरी सगळीकडे त्या 'सिनेमावाल्या प्रभाताई'. शनिवारी शाळा सकाळची. शाळा सुटली की डबा ऑफिसातच खायचा आणि दुपारचा खेळ गाठायचा, हा नेम त्यांनी दोन बाळंतपणं आणि लॉकडाऊन सोडला तर कधी मोडला नाही. यजमान चिंतामणी निवृत्त शिक्षक आहेत. ते अंधारात दहा मिनिटांत घोरायला लागतात, म्हणून त्यांना घरीच ठेवलं जातं.

सिनेमा बघणं हे प्रभाताईंच्या लेखी निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्यावर मत देणं, आणि दिलेलं मत समोरच्याला पटवणं. एरवी बाई अगदी गरीब. रांगेत कुणी पुढे घुसलं तरी 'जाऊ दे, घाई असेल' म्हणतील. पण त्यांना आवडलेल्या सिनेमाला कुणी टुकार म्हटलं की त्यांचा चेहराच बदलतो. लग्नाच्या पंगतीत त्यांनी व्याह्यांशी एका नटीच्या रडण्यावरून वाद घातलेला आहे, आणि जिलबी गार होईस्तोवर घातलेला आहे.

सिद्धेश्वरी त्यांना भेटली तीही थिएटरातच, सहा वर्षांपूर्वी. पडद्यावर म्हातारा बाप शेवटच्या घटका मोजतोय, सगळं थिएटर चिडीचूप, आणि शेजारच्या खुर्चीतून कडाडकड आवाज. प्रभाताईंनी रागाने वळून पाहिलं. इरकली लुगड्यातली एक बाई पर्समधून कडक भाकरी काढून मोडत होती, वर शेंगाचटणी लावून खात होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. प्रभाताई 'शू' म्हणाल्या. त्या बाईने घाईघाईने एक तुकडा त्यांच्यासमोर धरला. "घ्या की. लई रडाय येतंय, पोटात कायतरी पायजे." प्रभाताईंनी घेतला. तेव्हापासून दोघींच्या खुर्च्या शेजारी.

सिद्धेश्वरी मूळची अक्कलकोटकडची, दिली वळसंगला. पुढे सगळं घर सोलापुरात आलं. नवरा आणि थोरले दीर यांचं किराणा दुकान आणि घरात सिद्धेश्वरीच्या कडक भाकऱ्यांचा धंदा. लग्नसराईत हजार हजार भाकऱ्यांच्या ऑर्डरी. पहिल्यापहिल्यांदा बाई सिनेमाला यायची ती घरी देवळात जाते असं सांगून. देवाला तसं कळत होतंच, असं म्हणून हसायची.

हळूहळू आणखी पाच-सहाजणी जमल्या. बँकेत काम करणारी श्रावणी त्यांतली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत फटकळ. 'शनिवार दुपार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. नियम प्रभाताईंनी घातले. थिएटरच्या जिन्यात मत द्यायचं नाही, कारण जिन्यात माणूस दुसऱ्याचं ऐकून बोलतं. घरी जायचं, रात्र जाऊ द्यायची, आणि रविवारी सकाळी प्रत्येकीने आपलं मत सांगायचं.

सुरुवातीला सगळ्या लिहायच्या. सिद्धेश्वरी मात्र प्रत्येक मताखाली नुसते हात जोडायची. चांगलं म्हटलं तरी हात, टुकार म्हटलं तरी हात. प्रभाताईंनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "माजी शाळा कानडी, प्रभाताई. तीबी पाचवीपातुर. तुमचं लिहिलेलं मला अक्षर अक्षर जुळवत बसावं लागतंय." त्याच दिवशी प्रभाताईंनी ग्रुपवर फतवा काढला: उद्यापासून लिहायचं नाही. बोलून पाठवायचं.

ही त्यांची कल्पना त्यांना फार आवडली होती. सिद्धेश्वरीला तर त्याहून आवडली. रविवारी सकाळी ती परातीत ज्वारीचं पीठ मळायला बसायची, फोन फळीवर उभा करायचा, आवाज मोठा, आणि एकेकीचं मत ऐकत भाकऱ्या थापायची. हात पिठाचे, म्हणून फोन कानाला लावायचा प्रश्नच नव्हता. कधी प्रभाताई रविवारी तिच्याकडे गेल्या तर रस्त्यापर्यंत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. घरातले सगळे ऐकायचे आणि हसायचे. "प्रभामावशी आज लई तापल्या वाटतं," असं संगमेश म्हणायचा.

संगमेश म्हणजे थोरल्या दिराचा मुलगा. बार्शीला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जातो. सिद्धेश्वरीचा स्वतःचा मुलगा बसू, दुकान बघतो. निदान प्रभाताईंना असंच माहीत होतं.

गेल्या वर्षी सिद्धेश्वरीची थोरली जाऊ नागव्वा वारली. दोन महिन्यांनी सिद्धेश्वरी पुन्हा सिनेमाला आली. सिनेमा विनोदी होता, लोक खिदळत होते, आणि ही बाई पदर तोंडात धरून हुंदके देत होती. मध्यंतरात दिवे लागले, सगळ्या समोसे आणायला गेल्या. दोघीच राहिल्या. तेव्हा तिने सांगितलं.

नागव्वाला मूल नव्हतं. सिद्धेश्वरीला दुसरं राहिलं तेव्हा सासूने ठरवलं. दोघी जावा चार महिने सिद्धेश्वरीच्या माहेरी जाऊन राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा बाळ नागव्वाच्या मांडीवर होतं. गावाला जे कळायचं ते कळलं असेल, पण कुणी बोललं नाही. वर्षभरात घर सोलापुरात आलं. संगमेश सव्वीस वर्षांचा झाला. त्याच्यासाठी नागव्वा आई, आणि सिद्धेश्वरी काकू. "मूठमाती द्यायला तो खड्ड्यापाशी उबा हुता," सिद्धेश्वरी म्हणाली, "आई आई करत हुता. मी मागं उबी. त्याला पाणी दिलं, प्रभाताई. दुसरं काय देनार?"

मग डोळे पुसून तिने प्रभाताईंचा हात दाबला. "कुनाला बोलू नका की. तुमाला म्हनून सांगितलं. मी त्याला सांगनारच हाय. येळ बगून सांगते."

"मी काय वेडी आहे का?" प्रभाताई म्हणाल्या. त्या तेव्हा मनापासून म्हणाल्या होत्या.

आणि खरोखर, नऊ महिने त्यांनी ते चिंतामणींनाही सांगितलं नाही. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग तो सिनेमा आला.

त्या सिनेमात एक बाई आपलं मूल मोठ्या घरात देते आणि त्याच घरात स्वयंपाकीण म्हणून राहते. मुलगा मोठा होतो, तिला नावाने हाक मारतो, ती शेवटपर्यंत बोलत नाही. सिद्धेश्वरीला लग्नाची ऑर्डर होती, ती त्या शनिवारी आली नाही. प्रभाताई एकट्याच रडल्या, पोटभर रडल्या. घरी जाऊन चिंतामणींना सगळी कथा सांगितली, ते झोपेपर्यंत.

रविवारी सकाळी श्रावणीचं मत पहिलं आलं. "सॉरी हं, पण मला अजिबात पटला नाही. कुठली आई अशी गप्प राहील? दोन दिवसांत तोंडातून निघून जाईल. लेखकाला बायका माहीतच नाहीत. दहापैकी तीन." त्याखाली चौघींनी अंगठे टाकले. एकीने तर 'मी मधेच मोबाईल बघत होते' असंही सांगितलं.

प्रभाताईंचं डोकं फिरलं. मागच्या दोन्ही सिनेमांना श्रावणीचंच मत चाललं होतं. त्यांनी चार मिनिटांचा मेसेज पाठवला. तिच्या डोळ्यांबद्दल, ती ताट वाढते त्या प्रसंगाबद्दल, गप्प राहण्यातल्या ताकदीबद्दल. श्रावणीने ऐकलं आणि सात सेकंदांत उत्तर दिलं: "ताई, तुम्ही हळव्या आहात म्हणून. खऱ्या आयुष्यात असं एक तरी उदाहरण दाखवा."

स्वयंपाकघरात कुकर शिट्टीवर आला होता. प्रभाताईंनी गॅस बारीक केला आणि फोन तोंडाशी धरला.

"उदाहरण हवंय? देते. नाव घेणार नाही. आपल्या सोलापुरातलीच बाई आहे, वळसंगहून आलेली. पोटचा पोर जावेच्या पदरात घातला. सव्वीस वर्षं एका घरात राहून त्याच्या तोंडून काकू ऐकतेय. जाऊ वारली तेव्हा पोर आई आई करून रडत होतं, आणि ही मागे उभी राहून त्याला पाणी देत होती. एक शब्द बोलली नाही. आता बोल, श्रावणी. दहापैकी किती?"

एक मिनिटही पुरतं लागलं नाही. लगेच श्रावणीचा मेसेज आला, आवाज एकदम खाली आलेला. "अंगावर काटा आला, ताई. हरले मी. माझे तीन मार्क मागे घेते." मग अंगठे, मग रडके चेहरे, मग 'प्रभाताई म्हणजे प्रभाताई'. प्रभाताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी चिंतामणींना न मागता दुसरा चहा दिला. चहा गाळताना त्या गुणगुणत होत्या. हे त्यांना पुढे पक्कं आठवत राहिलं, की आपण गुणगुणत होतो.

चहाचा कप हातात घेऊन त्यांनी पुन्हा फोन उघडला, कौतुक परत एकदा ऐकावं म्हणून. कुणी कुणी ऐकलं ती नावं बघू लागल्या. पाचवं नाव सिद्धेश्वरीचं होतं.

त्यांना पहिलं आठवलं ते पीठ. मग फळीवरचा फोन. मग आज रविवार आहे हे. त्यांनी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. श्रावणीने विचारलं, 'का हो ताई?' प्रभाताईंनी फोन उशीखाली ठेवला, जणू तो तिथून कुणाला काही सांगणार नाही.

'मी नाव घेतलं नव्हतं,' हे त्या दोन दिवस स्वतःला सांगत राहिल्या. शाळेत सांगत राहिल्या, बसमध्ये, देवासमोर. पण वळसंग म्हटलं होतं, वर्षं म्हटली होती, पाणी म्हटलं होतं. नाव घ्यायचं तेवढं राहिलं होतं. आणि तो आवाज घरात मोठ्याने लागतो हे साऱ्या ग्रुपमध्ये त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती सोय त्यांनीच करून दिली होती. जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. फोन करायला हात धजेना.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्या सिद्धेश्वरीकडे गेल्या. दार उघडंच होतं. ती भाकऱ्या डब्यात रचत होती. "या," म्हणाली. पाट दिला, पाणी दिलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं. फळीवर फोन नव्हता.

"सिद्धेश्वरी, माझ्याकडून..."

"त्यानं ऐकलं," सिद्धेश्वरी म्हणाली. "हितंच बसला हुता, चहा पीत. तुमचा आवाज आला की हसाय लागला. मग हसायचा थांबला. माजे हात पिटाचे, प्रभाताई. मी उटून फोन बंद करेपातुर तुमचं सगळं बोलून झालं हुतं."

प्रभाताईंना वर बघवेना.

"त्यानं विचारलं, खरं हाय का. मी व्हय म्हनाले. मग विचारलं, कुनाकुनाला ठाव हाय. म्हनलं, घरातली मोटी मानसं, आनि एक प्रभाताई. दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाय." तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "तर म्हनला, म्हंजे त्या बाईला माज्या आदी कळलं. आनि पिशवी घिऊन गेला. रविवारीच गेला बार्शीला. फोन उचलंना. बसूचाबी न्हाय, बापाचाबी न्हाय."

"मी सांगते त्याला," प्रभाताई घाईने म्हणाल्या. "सांगते की मी सिनेमातलंच घोळवून सांगत होते. काहीतरी पदरचं घातलं. तू हो म्हणालीस ते घाबरून म्हणालीस. मी पटवते त्याला, मला पटवता येतं."

सिद्धेश्वरीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नको. सव्वीस वरसं मी खोटं बोलले, ते बास झालं. त्यात तुमी भर घालू नका." मग म्हणाली, "मी सांगनारच हुते. नागव्वाचं वरीस झालं की सांगायचं असं धरून चालले हुते. कसं सांगायचं तेबी ठरवलं हुतं. त्याला म्होरं बसवून, हळू. पुडच्या म्हयन्यात वरसश्राद्ध हाय."

प्रभाताई घरी कशा पोचल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. चिंतामणींनी विचारलं तेव्हा प्रभाताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि 'तुला काय म्हणू?' एवढंच म्हणाले.

शनिवारी नवा सिनेमा लागला होता. प्रभाताई शाळेतून सरळ स्टँडवर गेल्या आणि बार्शीच्या एसटीत बसल्या. सिद्धेश्वरीने पाठवलं नव्हतं, तिला माहीतही नव्हतं. आपण कुणासाठी जातोय हा प्रश्न त्यांना वाटेत पडला. सिद्धेश्वरीसाठी, असं त्यांनी उत्तर दिलं, पण ते त्यांना स्वतःलाच पुरतं पटलं नाही. छातीवरचा धोंडा कुठेतरी नेऊन उतरवावा, हेही त्यात होतंच.

शिपायाबरोबर निरोप पाठवल्यावर संगमेश कॉलेजच्या फाटकाशी आला. दाढी वाढलेली. आजवर मावशी म्हणणारा पोरगा, "काय मॅडम?" म्हणाला. समोरच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. तेवढी रीत त्याने पाळली.

प्रभाताईंनी वाटेत वाक्यं जुळवली होती. सिनेमाविषयी, आईच्या थोरवीविषयी, भावनेच्या भरात निघून गेलं याविषयी. चांगली वाक्यं होती. संगमेश समोर बसल्यावर त्यातलं एकही त्यांना तोंडातून काढवेना.

"तुझ्या काकूने मला विश्वासाने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ती तुला पुढच्या महिन्यात सांगणार होती. समोर बसवून. ते मी तिच्याकडून काढून घेतलं. तिची चूक नाही. तिच्यावर राग धरू नकोस."

"तुम्ही का सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. वर्गात मुलाला विचारावं तसं विचारलं.

प्रभाताईंच्या जिभेवर आलं होतं, की मला तिचं कौतुक वाटत होतं म्हणून. अगदीच खोटंही नव्हतं ते. पण चहा गाळताना आपण गुणगुणत होतो ते त्यांना आठवलं.

"वाद चालला होता," त्या म्हणाल्या. "सिनेमावरून. समोरची बाई ऐकत नव्हती. मला जिंकायचं होतं."

संगमेशने ग्लास खाली ठेवला.

"मग जिंकलात का?"

प्रभाताईंच्या मनात आलं, या पोराने शिव्या दिल्या असत्या तर आपण खाली मानेने ऐकल्या असत्या. हे मात्र सोसत नव्हतं. पण त्याने विचारलं होतं, आणि उत्तर एकच होतं.

"जिंकले," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली, जसं काही तेवढंच समजून घ्यायचं राहिलं होतं. चहाचे पैसे त्यानेच दिले. स्टँडपर्यंत सोबत आला, गाडी कुठल्या फलाटावर लागते ते दाखवलं. वळता वळता म्हणाला, "काकूला सांगा, मी उद्या येतोय. मला तिच्याकडून ऐकायचंय, पहिल्यापासून." आणि मग, "तुम्ही उद्या येऊ नका."

गाडी सुटायला वीस मिनिटं होती. प्रभाताईंनी सिद्धेश्वरीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"मी बार्शीत आहे. भेटले त्याला. उद्या येतोय तो."

पलीकडे सिद्धेश्वरी कानडीत देवाला काहीतरी म्हणाली, मग रडली, मग एकदम घाईने विचारू लागली. वाळलाय का? जेवतोय का? कुठल्या गाडीने येतो म्हणाला? प्रभाताईंनी जे पाहिलं होतं तेवढंच सांगितलं. दाढी वाढलीय म्हणाल्या. तुझ्याकडून पहिल्यापासून ऐकायचंय असं म्हणाला, तेही सांगितलं.

"आजून काय म्हनला?"

"मी उद्या यायचं नाही, असं म्हणाला."

हे सांगून त्या थांबल्या. कितीही नाही म्हटलं तरी मनात कुठेतरी आशा होतीच. तो पोरगा आहे, रागात आहे, तुमी मनावर घिऊ नका, या की, असं ती म्हणेल. सहा वर्षं ती असंच बोलत आली होती.

"बरं," सिद्धेश्वरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.